भिंतीपलीकडे शिकलेलं गाणं

दूध उतू जात होतं आणि बुरुल ते बघत उभी होती. हात पुढे करून गॅस बंद करायचा एवढंच काम, पण हात हलेना. आतल्या खोलीतून पुरुषाचा आवाज येत होता. घरात पुरुष एकच, तिचा नवरा सागिनबेक, आणि गेल्या पानगळीत झटका आल्यापासून त्याला बोलता येत नव्हतं. उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला, आणि बोलणं गेलं ते एकच शब्द मागे ठेवून : 'नाही'. चहा देऊ का, नाही. उशी उंच करू का, नाही. हवं असलं तरी नाही आणि नको असलं तरी नाही. आवाज वर चढला की हो समजायचं, खाली पडला की खरंच नाही, हे ती हळूहळू शिकली होती. आणि आता तोच माणूस पलीकडे गात होता, तेही शब्दांसकट. शेवटची अक्षरं गिळत, जीभ जड, पण ओळीमागून ओळ. 'वाट लांब, पाय थकले, ईसा, तू पुढं चाल. घाट उंच, बर्फ ओला, ईसा, तू पुढं चाल.' करपलेल्या दुधाचा वास घरभर झाला तेव्हा तिनं गॅस बंद केला आणि ओले हात तसेच घेऊन दारात गेली. तो खिडकीकडे तोंड करून पडला होता. बाहेर कोळशाच्या धुरानं समोरची इमारतसुद्धा दिसत नव्हती. त्याचा डावा हात रजईवर ठेका धरत होता. तिची चाहूल लागली तसा तो थांबला आणि वळून तिच्याकडे बघत राहिला. तो घाबरला होता. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं त्याला रागावलेला पाहिला होता, प्यालेला पाहिला होता, रडताना एकदा पाहिला होता. घाबरलेला बहुधा हा पहिल्यांदाच. "तूच गात होतास?" तिनं विचारलं. "नाही," तो म्हणाला. आवाज वर गेला होता.

गाणं तिचं होतं. म्हणजे ख्रिस्ती मंडळीचं, रविवारी कामावरच्या ओरोझकान एझेच्या बैठकीत दाटीवाटीनं बसून सगळे म्हणायचे ते. पण या घरात ते एकट्या तिचं होतं आणि चोरीचं होतं. स्वयंपाकघरात नळ सोडून, भांडी आदळत, ती ते ओठांतल्या ओठांत म्हणायची. भिंत एवढीशी, पत्र्यासारखी, पलीकडचा खोकलासुद्धा ऐकू येणारी. तरी नळ सोडला की कुणाला कळत नाही, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. म्हणजे तो इतकी वर्षं ऐकत होता. जेवणाची वाट बघत, टीव्ही लावून, पाठ फिरवून बसलेला असायचा, आणि ऐकत होता. कधी एका शब्दानं बोलला नाही. न बोलता ऐकणं, आणि तेही इतकं की ओळी जशाच्या तशा आत जाऊन बसाव्यात, याला काय म्हणायचं ते तिला कळेना. तिला आधी राग आला. आपल्या पेटीला कुणीतरी रोज हात लावत होतं आणि आपल्याला पत्ता नव्हता, तसा राग. मग तो राग धरून ठेवायचंही त्राण तिच्यात उरलं नाही. तिनं त्याचं अंथरूण बदलायला घेतलं.

चिनारा गेली त्या हिवाळ्यात हे सगळं सुरू झालं होतं. त्यांची मुलगी. नुकती स्वतःची वेणी स्वतः घालायला लागली होती. मूत्रपिंडं निकामी झाली आणि बर्फ वितळायच्या आत गेली. तिला नारिनकडच्या डोंगराळ गावी सागिनबेकच्या आई-वडिलांशेजारी पुरली. बायकांनी रीतीप्रमाणे आक्रोश केला, चाळिसाव्याला घोडा कापला, मग माणसं आपापल्या घरी गेली आणि हे दोघं शहरात परत आले. मुलगा एर्मेक तेव्हाच मॉस्कोला कामावर गेला तो तिकडचाच झाला. सागिनबेक पहाटे मिनीबस काढायचा आणि रात्री थेट झोपायला यायचा. बुरुल शिवणकारखान्यात जायची. शर्टांना कॉलर जोडायचं काम. शेजारच्या मशीनवर ओरोझकान; मोठी म्हणून सगळ्या तिला एझे, ताई, म्हणायच्या. थोराड बाई, जाड चष्मा, बोलायला फटकळ. चिनाराबद्दल तिनं एक अक्षर काढलं नाही. फक्त बुरुलच्या कॉलरांचा ढीग अर्धा उचलून आपल्याकडे घ्यायची, रोज. वसंत येईपर्यंत घेत राहिली. शेवटी बुरुलनंच विचारलं, "का करता?" एझे दोरा तोडत म्हणाली, "तुझे हात थरथरतात. कॉलर वाकडी जाते. मुकादम मग मलाही ऐकवतो." एका रविवारी बुरुल आपण होऊन तिच्या घरी गेली. तिथं गाणी झाली, कुणीतरी वाचलं, कुणीतरी प्रार्थना केली, आणि बुरुल सगळा वेळ रडली. कुणी तिला गप्प केलं नाही. कुणी म्हणालं नाही की देवानं दिली, देवानं नेली. एकीनं तिच्या हातात फक्त पाव ठेवला. पुढच्या रविवारीही ती गेली.

सागिनबेकला कळलं तेव्हा त्यानं हात उगारला नाही. बूट काढता काढता म्हणाला, "मुसलमानाची बायको, आणि रशियनांच्या देवाकडे जायला लागलीस." ती म्हणाली, "ईसा रशियन नव्हता." तो बराच वेळ एक बूट हातात धरून बसला. "मग विचार त्याला, माझी पोरगी कुठं आहे. उत्तर आलं की मला सांग. तोवर या घरात ते नाव नको." तिनं विचारलं होतं. कितीदा तरी विचारलं होतं. त्याला नेऊन सांगावं असं उत्तर आलं नाही. जे आलं ते सांगण्याजोगं नव्हतं. कधीतरी बसथांब्यावर उभं असताना एकदम छाती मोकळी व्हायची, इतकंच. चिनारा हरवलेली नाही, कुणाच्या तरी हातात आहे, एवढं अंगाला कळायचं आणि मग बस यायची. ते नवऱ्याला काय सांगणार. आणि ते नाव मग घरात कधी निघालं नाही, नळाखाली सोडून.

हे सगळं ठीक होतं. हे सगळं तिनं रविवारी चारचौघांत सांगितलंही असतं. जे सांगता येत नव्हतं ते निराळंच. नवऱ्याला झटका आल्यापासून तिची प्रार्थना बंद पडली होती. देवावर रुसली होती असं नाही. रुसायलाही अंगात काही लागतं. सकाळी त्याला कुशीवर वळवायचं, पुसायचं, चादर ओढून काढायची, पाठीला तेल लावायचं. मग घरी आणलेल्या कॉलरा, मग स्वयंपाक, मग पुन्हा कुशीवर. गुडघे टेकले की कमरेत कळ यायची आणि डोळे मिटले की झोप. "प्रभू" म्हणायचं आणि पुढचं वाक्यच सापडायचं नाही. मंडळीतल्या बायका फोनवर वचनं पाठवायच्या, सूर्योदयाच्या चित्रावर लिहिलेली. थकलेल्यांना तो बळ देतो. ती वाचायची आणि फोन पालथा ठेवायची. तरी गाणं मात्र सुटलं नव्हतं. पण त्यात श्रद्धा कितपत होती हे तिचं तिलाच माहीत. कांदा चिरताना हात जसा आपोआप चालतो तसे ओठ चालायचे. आतून पार रिकामं झालेलं गाणं. आणि नेमकं तेच त्यानं उचललं होतं. तिच्या मनात आलं, मी त्यात काही न ठेवता म्हणत होते, तर मग त्याला त्यात काय सापडलं?

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. तरुण होत्या, स्वतःच सर्दीनं बेजार. म्हणाल्या, "असं होतं. बोलणं मेंदूच्या डाव्या बाजूला असतं, ती बाजू गेली. गाणं बरंचसं उजवीकडे असतं. शब्द चालीला धरून बाहेर येतात. चांगलं आहे. याच चालीत रोजचे शब्द घालून बघा. पाणी, चहा, दुखतंय." बुरुलनं विचारलं, "पण हेच गाणं का?" डॉक्टरीणबाई नाक पुसत म्हणाल्या, "जे पुष्कळदा ऐकलं असेल ते. घरात कोण गातं?" बुरुल म्हणाली, "कुणी नाही." आणि मग बाहेर पायऱ्यांवर येऊन उभी राहिली, कारण ही इतक्या सवयीनं तोंडातून निघालेली गोष्ट होती की आपण खोटं बोललो हे तिला तिथं आल्यावर कळलं.

ओरोझकान एझेला सांगायचं नव्हतं, पण एझे आली तेव्हा आत गाणं चालूच होतं. ती दारातच थबकली, चष्मा काढून डोळे पुसले. "अगं, ही तर साक्ष आहे. रविवारी पाळकांना घेऊन येते. सगळ्यांनी ऐकायला पाहिजे."

"नको, एझे."

"का नको? किती वर्षं प्रार्थना करतोय आपण त्याच्यासाठी."

"त्याच्या डोक्याची एक बाजू बंद पडली आहे आणि दुसऱ्या बाजूला माझं गाणं निघालं. उद्या टीव्हीवरची जाहिरात निघाली असती. तो विश्वासात आला असं मी कशी म्हणू? त्याला नाही म्हणता येत नाही, एझे. म्हणजे, नाहीच म्हणता येतं, पण ते कुणी खरं धरत नाही."

एझेनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाली, "आणि तू? तू कशी आहेस?" या प्रश्नाला बुरुल नेहमी 'प्रभूची कृपा' म्हणायची. आज म्हणाली, "मला प्रार्थना येत नाही. झटक्यापासून." बोलून झाल्यावर तिनं मान खाली घातली. एझे वचन सांगेल असं तिला वाटलं. एझेनं उठून कोपऱ्यातल्या कॉलरांची पिशवी उचलली आणि काखेत मारली. "तर नको करूस. आम्ही करतो. एवढी माणसं आहोत, कशाला आहोत?" जाताना दारात म्हणाली, "पाळकांना आणत नाही. पण मी एकटी येऊन ऐकेन हं. फार बेसूर गातो तुझा नवरा."

मग ते चालीत शब्द घालणं सुरू झालं. ती त्याच्या उशाशी बसायची, त्याच्या डाव्या हातानं रजईवर ठेका धरायची आणि म्हणायची, 'चहा गरम, चहा दे.' आधी नुसता ईसाच यायचा. काहीही मागायचं असलं तरी, ईसा, तू पुढं चाल. मग एके दिवशी ओळीच्या मध्येच 'पाणी' आलं. मग 'पाठ'. मग एका सकाळी त्यानं अगदी गंभीर चेहऱ्यानं, पूर्ण सुरात, 'ईसा, भांडं लवकर आण' असं गाऊन तिला लघवीचं भांडं मागितलं आणि बुरुलला हसू फुटलं. पोट धरून हसली. कुठल्या हिवाळ्यापासून ती हसली नव्हती ते तिला आठवेना. मग लाज वाटली, की देवाच्या नावाचं हे काय झालं. मग वाटलं, त्याला चालत असेल. गोठ्यात जन्मलेल्याला भांड्याचं काय. सागिनबेकही हसत होता, तोंडाच्या एकाच बाजूनं.

त्याच आठवड्यात गावाहून मोठे दीर आले. सागिनबेकचे थोरले भाऊ. त्यांचं नाव घ्यायची सुनेला रीत नव्हती. ती त्यांना 'बायके' म्हणायची, आणि ते तिला 'सूनबाई'. दाढी पांढरी, पाठ ताठ, पाच वेळा नमाज. वडील गेल्यावर सगळं घर त्यांनी ओढलं होतं आणि चिनाराची कबर स्वतः खणली होती. मेंढीचं मटण, घोड्याचं मांस आतड्यात भरून केलेले काझी, लोणी असं सगळं पोत्यातून घेऊन आले, दारात बूट काढले आणि आत जाऊन भावाच्या कपाळावर ओठ टेकले. "काय रे, ऐदी. सगळं काम बायकोवर टाकून पडलास." सागिनबेकचा चेहरा फुलला. किती दिवसांनी आपलं माणूस. त्याला बोलायचं होतं, पुष्कळ बोलायचं होतं. ते त्याच्या गळ्याच्या शिरांवर दिसत होतं. बुरुल दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. आता काय होणार हे तिला कळलं, आणि थांबवता येणार नाही हेही. त्यानं भावाचा हात धरला, तोंड उघडलं आणि गायला लागला. 'वाट लांब, पाय थकले, ईसा, तू पुढं चाल.' भावाच्या भेटीचा सगळा आनंद त्या ओळींत घालून गात होता.

बायकेंनी हात सोडवला नाही. गाणं संपेपर्यंत ऐकलं. मग बुरुलकडे न बघता म्हणाले, "हे तू शिकवलंस?"

"नाही, बायके."

"मग भिंतींनी शिकवलं?"

"हो," ती म्हणाली. "तसंच झालं."

ते उठून खिडकीशी गेले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "इतकी वर्षं तू कुठं जातेस हे मला ठाऊक होतं. मी बोललो नाही. पोरगी गेलेली बाई, म्हटलं, जिथं टेकेल तिथं टेकू दे. पण हा आपल्या बापाचा मुलगा आहे. याचं तोंड बंद पडलं तर तू त्यात तुझे शब्द भरलेस. याला मी गावी नेतो. तिथं माझ्या सुना बघतील."

तिनं चहाच्या वाडग्यांचा ट्रे खाली ठेवला. एक क्षण, फक्त एक क्षण, तिला वाटलं, न्या. खरंच न्या. मी दोन दिवस झोपेन. हे तिच्या मनात इतकं स्वच्छ उमटलं की ती दचकली. मग ती म्हणाली, "तुम्ही मोठे आहात. न्यायचं तर न्या. पण तिथंही त्याला पाणी हवं असलं की तो हेच गाणार. दुखलं की हेच. तेव्हा तुम्ही त्याचं तोंड दाबणार का, बायके?"

बायके परत पलंगाशी येऊन बसले. थोड्या वेळानं त्यांनी दुसरंच गाणं धरलं. घोड्या दोहायच्या वेळी त्यांची आई म्हणायची ते, शब्द थोडे, चाल लांबट. आवाज म्हातारा, पण सुरात पक्का. सागिनबेक ऐकत राहिला. त्याचे ओठ हलत होते, डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं, चाल त्याला सापडत होती, शब्द नाही. बायके थांबले, पुन्हा पहिल्यापासून म्हणाले. पुन्हा. दुपार उलटून गेली, मटण शिजून तयार झालं, ते म्हणतच होते. शेवटी सागिनबेकनं आईच्या त्या चालीत तोंड उघडलं आणि जिथं शिंगराचं नाव यायचं तिथं घसा ताणून म्हटलं, 'ईसा'. बायके बघत राहिले. मग त्यांच्या खांद्यांना हिसका बसला. बुरुलला वाटलं रडतायत, पण ते हसत होते, मनाविरुद्ध, दाढीत. "लहानपणीही असाच होतास. शिकवावं एक, उचलायचं भलतंच." आणि भावाच्या गालावरचं पाणी त्यांनी आपल्या बाहीनं पुसलं. नंतर त्यांनी त्याला मटण भरवलं, बारीक तुकडे करून, प्रत्येक घासाला थांबून. बुरुलला बस असं कुणी म्हटलं नाही. तिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं, आणि ती भाकरी, रस्सा, चहा करत उभीच होती.

दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपून ते निघाले. बूट घालताना म्हणाले, "राहू दे त्याला इथं. तुझ्या हाताची सवय आहे." बुरुलनं मान हलवली. ते अजून वाकलेलेच होते. "एक सांगतो, सूनबाई, राग धरू नकोस. उद्या तो गेला तर त्याला आपण आपल्याच जागेत पुरू, आईजवळ, पोरीजवळ. तेवढं मी गावाकडून करून घेईन. आजारी माणूस काय गातो ते कुणी धरणार नाही. तुझं मात्र मला सांगता येत नाही. गाव ऐकायचं नाही. मी आहे तोवर भांडेन. पण सांगता येत नाही." चिनाराच्या कबरीच्या उजव्या हाताला तिच्या आईपुरती जागा रिकामी ठेवलेली होती. ती त्यांनी स्वतःच ठेवली होती, खणताना, काही न बोलता. ते दोघांनाही माहीत होतं. बुरुल म्हणाली, "मला माहीत आहे, बायके." आणि मग म्हणाली, "तुम्ही भांडेन म्हणालात, तेवढं पुष्कळ झालं." ते सरळ झाले, तिच्या डोक्यावर हात ठेवल्यासारखा केला आणि जिना उतरून गेले.

ती ओट्याशी येऊन उभी राहिली. पातेल्याला चरबी थिजली होती. तिनं घासायला घेतलं. रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो फक्त शिणवटा, टाचांपासून वर चढत आलेला. पोरीपासून लांब, कुठल्याशा शहराबाहेरच्या मैदानात, अनोळखी माणसांत आपल्याला ठेवतील. ठेवोत. त्या बसथांब्यावर जे अंगाला कळलं होतं ते खरं असेल तर जमिनीनं काय फरक पडतो, आणि खरं नसेल तर, तिथं ती थांबली, पातेलं तसंच हातात धरून, कारण पुढचा विचार करण्याइतकं बळ नव्हतं. प्रार्थना शोधावी असंही वाटलं नाही. ओरोझकान एझे करत असेल. एवढी माणसं करत असतील.

आतून सूर आला. तीच चाल, हळू. पण शब्द तिनं शिकवलेले नव्हते. "बुरुल," तो गात होता, "बुरुल, तू जरा बस." चिनारा होती तोवर तो तिला 'चिनाराची आई' म्हणायचा, आणि पोरगी गेल्यावर त्यानं तिला कसलीच हाक मारली नव्हती, 'ए' म्हणायचा, किंवा नुसता खाकरायचा. ती हात पुसत आत गेली. त्याला उठून बसायचं असेल असं वाटून तिनं त्याच्या काखेत हात घातला, जोर लावला. त्यानं मान हलवली, तिचा हात काढला आणि डाव्या तळव्यानं पलंगाच्या कडेवर थोपटलं. पुन्हा थोपटलं. तेव्हा ती बसली. गुडघे वाजले. खिडकीतल्या धुरात कुठंतरी ऊन असावं, काच पिवळी झाली होती. तो छोट्या मेजाकडे कलला. त्याचा वाडगा तिथं होता, अर्धा भरलेला. त्यानं तो उचलला, थोडा चहा रजईवर सांडला, आणि तिच्यापुढे धरला. तिनं दोन्ही हातांनी घेतला. चहा निवला होता, वर दुधाची साय धरली होती. तिनं तो शेवटपर्यंत प्यायला.